पांढरीतली सून

४ नोव्हेंबर, नाशिक
अखेर काम मिळालं. लग्न करून कुंदनबरोबर मॉरिशसहून इथे आले, त्याला वर्ष होत आलं. तिकडे मी ऊसमळ्यातल्या मजुरांची जुनी थडगी खणत होते. इथे पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत होते. आज प्रतिभाताईंचा फोन आला. नांदगावजवळ त्यांचं उत्खनन चालू आहे आणि हाडं ओळखणारं माणूस हवं आहे. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिसळ खाऊन आनंद साजरा केला. व्हिडिओ कॉलवर आई आधी हसली, मग रडली. तिने शिकवलेली मराठी इथल्यांना पुस्तकी वाटते, म्हणून ही रोजनिशी मुद्दाम मराठीत लिहिते आहे.

९ नोव्हेंबर, नांदगावजवळ
नदीकाठी टेकाड आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडून, राख मिसळून झालेली भुरकट माती. गावात तिला पांढरी म्हणतात. आम्ही शेतातल्या दोन खोल्यांत राहतो. स्वयंपाक रंगूबाईंचा, दिवसा त्या खड्ड्यावर पाट्याही उचलतात. बाजरीची भाकरी आणि ठेचा खाताना डोळ्यांत पाणी येतं, तरी मी दुसरी भाकरी मागते. फार दिवसांनी नखांत माती आहे.

१७ नोव्हेंबर
एका घराच्या सारवलेल्या जमिनीखाली बाई सापडली. उताणी, हात सरळ. घोट्यापासून पुढे पाय नाहीत. प्रतिभाताईंना नवल वाटलं नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या अशा वस्त्यांत मेलेल्याला घरातच पुरत आणि पाय तोडत, त्याने घर सोडून जाऊ नये म्हणून असावं, असं त्या म्हणाल्या. हिच्या मनगटात शंखाच्या बांगड्या आहेत. टेकाडावर दुसऱ्या कुणाच्याच हातात तशा नाहीत आणि समुद्र तर इथून कितीतरी लांब. समुद्राकडून आणलेली सून असेल, असं मी गमतीने म्हणाले. कुणी हसलं नाही.

१९ नोव्हेंबर
भिंगातून पाहिलं. मेलेल्याचं हाड तोडलं तर कड तीक्ष्ण राहते. हिची टोकं गोल झाली आहेत. म्हणजे जखम भरली होती. पाय तोडल्यावर ती जगली होती, कित्येक वर्षं, त्याच घरात.
प्रतिभाताईंना दाखवलं. त्यांनी हाडाच्या गोल टोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “चांगलं सांभाळलं असणार हो तिला. जखम किती छान भरली आहे.”

२२ नोव्हेंबर
आई पडली. कंबरेचं हाड मोडलं आहे. महिनाभर तरी तिकडे जायला हवं. कुंदन लगेच हो म्हणाला, तिकीटही त्यानेच काढलं, ३० तारखेचं. आज तो इथे आला होता. माझ्या कामात त्याने कधी रस घेतला नव्हता; आज खड्ड्यात उतरून त्या बाईशेजारी बसून राहिला. मूठभर पांढरी तळहातावर चोळत होता. दगडाच्या पात्याने एका घावात होत नसेल ना, असं त्याने विचारलं. काय होत नसेल, असं मी विचारलं, तर नुसता हसला.

२४ नोव्हेंबर
अंघोळीला कढत पाणी पायांवर ओतलं. कातडी लाल झाली तेव्हा कळलं. दुपारी टाचेत बाभळीचा काटा मोडला, तोही कळला नाही. रंगूबाईंनी काढला. काटा निघाला तरी माझा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या.
“लय गोड पाय हायेत,” त्या म्हणाल्या. “लय फिरवलं तुमी यांना.”

२६ नोव्हेंबर
नांदगावच्या डॉक्टरांच्या मते थकवा. कुंदन गाडी घेऊन न्यायला आला. मी बोलावलं नव्हतं. डिकीत पोती होती. कुणी आईची चौकशी केली नाही.

२८ नोव्हेंबर, नाशिक
घोट्याखाली काहीच जाणवत नाही. भिंत धरून चालते. फोन सापडत नाही. कुंदन म्हणतो, आईला कळवलंय, तू येत नाहीस म्हणून. तो कामावर जात नाही. हॉलमधल्या फरशीवर पांढरी पसरून हाताने सारवतो आहे. ओल्या मातीचा वास. मी ओरडले तर त्याने प्रेमाने पाणी आणून दिलं.

३० नोव्हेंबर
आज विमान होतं.
सकाळी रंगूबाई आल्या. प्रतिभाताईही. सगळे फार मायेने बोलतात. मी दाराकडे सरपटत गेले — प्रतिभाताईंनी उचललं, डोक्याखाली तळहात धरून. एखादी नाजूक वस्तू उचलावी तसं.
कुंदनने दोन्ही घोट्यांवर दोरा बांधला. घट्ट होतोय का, विचारलं. कळत नाही म्हणाले.
“म्हणून तर पाय आधी बधिर होतात,” तो म्हणाला. “तुला त्रास नको.”
पाणी तापवताहेत. हॉलमध्ये दगडावर दगड घासल्याचा —
आई, मी येणार होते. खरंच —
थांबला आवाज. तो येतोय. माती अजून ओली आहे, त्याच्या पावलांचा