तुमचं एकही पोर धड नाही

तलासरी,
गुरुवार, दुपार

प्रिय अंबूआत्या,

आमच्या कॅम्पात रक्त काढणाऱ्या संगिताने माझ्या दंडाला रबराची पट्टी बांधून "मूठ आवळ" म्हटलं, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. हे आधी सांगतो आणि मग तुझ्या पाया पडतो. गंजाडला लेकीचं बाळंतपण काढायला गेलीस, तिथे तुझे गुडघे कसे आहेत? बाळ तुला झोपू देतं ना? खरं तर फोनच करणार होतो, पण जावईबापू तुझा फोन स्पीकरवर टाकून सगळ्या पडवीला ऐकवतात आणि हे पडवीने ऐकण्यासारखं नाही. तर, पट्टी. इथल्या पाड्यावर अंगणवाडीत आमचा कॅम्प आहे. रक्त देताना काही होत नाही हे पोरांच्या आयांना दाखवायला डॉक्टरबाईंनी मला खुर्चीत बसवलं. सुई टोचली, मी संगिताकडे बघत "बघा, काऽही होत नाही" असं हसत म्हणालो आणि तसाच हसत वजनकाट्यावर आडवा झालो. (काटा वाचला.) डोळे उघडले तेव्हा आया पोरांना काखोटीला मारून घरी निघाल्या होत्या आणि संगिता माझ्या तोंडावर पाणी मारत म्हणत होती, "पुढच्या वेळी झोपूनच दे." पुढच्या वेळी! आत्या, ही मुलगी माझ्याबरोबर पुढची वेळ धरून चालली आहे.

ही नोकरी तू मिळवून दिलीस, त्याचे उपकार कसे फेडू? मी कॉलेज अर्ध्यात सोडल्यावर बाबांनी (म्हणजे तुझ्या हरिश्चंद्रदादाने) मला चिकूच्या वाडीत पाणी सोडायला लावलं आणि जेवताना माझ्याकडे पाठ करून बसायला लागले. अशा वेळी तू या डॉक्टरबाईंना, डॉ. निलमबाईंना, सांगितलंस, "पोरगा भडकतो, पण कामाला वाघ आहे." काम काय आहे ते तुला नीट कळलं नव्हतं, मलाही नव्हतं. रक्तात आजाराशी लढणाऱ्या शिपाई पेशी असतात. तान्ह्या पोरात त्या ढिगाने असतात, पोर वाढतं तशा कमी होत जातात आणि ते बरोबरच असतं. पण कोणत्या वयाला किती म्हणजे बरोबर, हे आपल्या भागातल्या पोरांचं कोणी मोजलेलंच नाही. दुसरीकडच्या पोरांचे आकडे लावून आपलं आजारी पोर तपासतात. मग खरंच शिपाई कमी पडले की आपल्याकडे एवढेच असतात, हे सांगायचं कोणी? म्हणून आधी धडधाकट पोरं मोजायची, आईबापांना सगळं समजावून आणि ते हो म्हणाले तरच. तलासरीचे पाडे आणि तुमचा वरोरचा किनारा, दोन्हीकडची पोरं हवीत. शनिवारपर्यंत ती मिळाली नाहीत तर आपल्या भागाचं माप अर्धवट सोडून मंडळी मुंबईला परत जाणार. मंडळींत संगिता येते. (मी येत नाही. मी वाडीत पाणी सोडणार.)

माझं काम पेटी सांभाळायचं. पेशी त्याच दिवशी मोजायच्या यंत्रापर्यंत जिवंत पोचाव्या लागतात. मी समुद्रकाठचा माणूस, जिवंत म्हटल्यावर मला मासळीच आठवली. पहिल्याच दिवशी चारोटीला जीप थांबवून पेटी बर्फाने गच्च भरली. रक्ताच्या नळ्या आत जायच्या आधी संगिताने झाकण उघडलं म्हणून बरं. "हितेश, हे पापलेट आहे का?" एवढंच म्हणाली. या रक्ताला बर्फही नको आणि ऊनही नको. तेव्हापासून मी पेटी मांडीवर घेऊन बसतो. तुझ्या नातवालाही कोणी इतकं जपून धरलं नसेल.

पण खरी पंचाईत निराळीच झाली. धडधाकट पोर हवं असं सांगूनही, आपलं पोर तसं आहे हे पाड्यावर एकही आई कबूल करेना. डॉक्टरबाई विचारायच्या, "मुलगा बरा असतो ना?" आणि समोर आंब्याच्या खोडासारखं पोर उभं असताना आई म्हणायची, "कुठला बरा बाय, बारीकसारीक चालूच असतं." माझं पोर ठणठणीत आहे असं चारचौघांत बोललं की दृष्ट लागते, मग कोण बोलणार? (तू तरी कधी बोललीस? मी तुझ्यासमोर डझनभर घावन खायचो आणि तू शेजारणीला सांगायचीस की हितेश काही खातच नाही.) डॉक्टरबाई बिचाऱ्या आजार आहे म्हणून पोर बाजूला काढायच्या. दुपारपर्यंत सगळा पाडा बाजूला निघाला. संगिता रिकाम्या नळ्या परत पेटीत भरायला लागली आणि माझं डोकं सरकलं. मी दारात उभा राहून ओरडलो, "चला, घरी जा! तुमचं एकही पोर धड नाही! सगळा पाडा आजारी!"

मग बायजी नावाची म्हातारी कडाडली, "ए वाडीवाल्या! कोणाला आजारी म्हणतोस? माझा सुकऱ्या आजारी? सकाळपासून चिंचेवर बसलाय, उतरवून दाखव! भाकरी थापून माझे हात मोडले, त्याचा पोट भरत नाय!" तिच्यामागून दुसरी, "माझ्या पोरीला ताप? शेवटचा कधी आला तो माझ्या सासूलाबी आठवायचा नाय!" आत्या, शिव्या मला पडत होत्या आणि डॉक्टरबाईंना हवी ती सगळी माहिती आपोआप बाहेर पडत होती. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "बायजी, सुकऱ्याला उतरवा, मी तपासते." मग तपासण्या झाल्या, पुन्हा सगळं समजावून झालं. बायजी विचार करून म्हणाली, "म्हणजे माझ्या पोराच्या मापानं दुसऱ्याचं आजारी पोर बघणार? मग घ्या. पण आधी मीठ-मिरची ओवाळीन." सुईआधी प्रत्येक पोराची दृष्ट निघाली. सगळे ठसकत होते आणि संगिता डोळे पुसत नळ्या भरत होती. जाताना बायजीने मला ताडगोळे दिले. म्हणाली, "तोंड वाईट आहे, पण खा." एवढ्या शिव्यांनंतर मला कोणी कधी खायला दिलं नव्हतं.

तर तलासरीची पोरं झाली. काल वरोरचा कॅम्पही सुरू झाला. तुझ्या आशीर्वादाने सगळं छान आहे. बाळाला पापा.

तुझा (बाबांच्या मते कोणाचाच नाही असा)
हितेश

ता.क. वरोरचा कॅम्प सुरू झाला, एवढंच खरं आहे. वरोरच्या बायका पोरांना तेल-कंगवा करून, "आमची पोरं ठणठणीत आहेत, घ्या रक्त" म्हणत स्वतःहून रांगेत आल्या होत्या. मला वाटलं, हे काम आता मलाच जमतं. कोणी काही विचारायच्या आधीच मी ओरडलो, "तुमचं एकही पोर धड नाही!" सगळ्यात पुढे तुझी सूनबाई, आपली मयूरीवहिनी, मनिषला कडेवर घेऊन उभी. तिने बोंबलाची रिकामी पाटी माझ्या डोक्यात घातली आणि सगळ्या रांगेला घरी नेलं. आता वरोरमध्ये एक दार उघडत नाही. म्हणून आत्या, बाळाला अर्धा दिवस कोणाकडे तरी दे आणि वरोरला येऊन वहिनीची समजूत काढ. तिने मनिषला आणलं की बाकीच्या येतील. पत्र यासाठीच लिहिलं.

ता.क. २. येऊ नकोस. कोणाला लिहितोस म्हणून संगिताने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "शिव्या तू दिल्यास आणि माफी मागायला आत्या?" मी भडकून उठलो, परत बसलो. तिचं खरं आहे. जीपवाला नविन आता वरोरलाच निघालाय. मी दारोदार जाऊन सांगणार की चूक माझी, पोरं तुमची सोन्यासारखी. वहिनीच्या हाताशी भरलेली पाटी असली तरी जाणार. पत्र मात्र पाठवतोच, पाया पडलेलं परत कसं घेऊ? संगिताशी दुसरंही बोलायचं होतं, पण वरोरच्या आधी ते बोलायला तोंड नाही. नविन हॉर्न वाजवतोय. उठलो. बाहेर पडून दार, एरवी आपटतो ते, हळूच ओढून घेतो.