अष्टमीस खेळ बंद

शिरखार, रेवस बंदराजवळ, जिल्हा कुलाबा
ता. ४ डिसेंबर १९३१, कार्तिक वद्य दशमी

(दादा, तारखेपुढचे ते तीन शब्द हाताच्या सवयीने पडले. खोडायला गेले तर कागद फाटेल, म्हणून तुम्हीच त्यांच्याकडे काणाडोळा करा. खुलासा पुढे येतोच आहे.)

तीर्थरूप दादा आणि सौ. वहिनी यांना धाकट्या एस्तेरचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही दोघे इथे खुशाल आहोत. यांचा खोकला गेला, माझे निम्मे केस खाऱ्या हवेने नेले, आणि वहिनींनी मोठ्या मायेने पाठवलेल्या ज्वारीच्या पिठाला इतकी बुरशी आली की डब्याचे झाकण उघडल्यावर मी आधी दचकले आणि मग रडले. वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून तुमच्या नावाने ओरडतात की आता देवाच्या? दोन्ही चालतील, पण चुन्याचा लेप सोडू नये असे त्यांना सांगावे.

तुमचे पत्र सोमवारी मिळाले. नाताळानंतर कमिटीची बैठक आहे, तीत शिरखारचे ठाणे चालू ठेवायचे की मोडून आम्हां दोघांना नगरास परत बोलवायचे याचा निकाल लागणार, आणि तुम्ही स्वतः कमिटीवर असल्यामुळे तुम्हाला दोन गोष्टी माझ्या हातच्या लेखी हव्या आहेत. एक, जुलैत मी "आम्हाला इथून न्या हो" असे रडून लिहिले होते ते अजून कायम आहे का. दोन, टर्नबुल साहेबांच्या अहवालात म्हटल्याप्रमाणे आमच्या घरात पंचांग टांगलेले आहे हे खरे आहे का. दुसऱ्याचे उत्तर आधी देते. खरे आहे. स्वयंपाकघरात, खिळ्याला, पिठाच्या चाळणीमागे. चाळण मी पुढे लावली होती ती झाकण्यासाठीच, पण साहेब सहा फूट उंच असल्यामुळे त्यांना चाळणीच्या वरून दिसले.

आता रागावू नका. आपल्या आजोबांनी ख्रिस्ती होताना घरातले पंचांग सीना नदीत सोडले हे मला ठाऊक आहे. (त्या वर्षी सीनेला पाणी नव्हते, म्हणून ते तीन दिवस वाळूतच पडून होते आणि लोक येऊन त्यातला मुहूर्त बघून जात, असे आत्या सांगते.) तीन पिढ्यांनंतर आपल्याच घराण्यातली मुलगी पैसे देऊन पंचांग विकत घेते, हे वाईट दिसते खरे. पण दादा, तुम्ही आम्हाला पाठवले कुठे ते आठवा. कमिटीच्या नोंदवहीत देशातली सेवा आणि परदेशातली सेवा असे दोनच रकाने, आणि ज्या गावाला जायला आगबोट लागते ते परदेश, असा तुमचाच ठराव. त्या ठरावाप्रमाणे आम्ही नगरचे नवराबायको भाऊच्या धक्क्यावरून निघालो आणि दोन तासांत परदेशी मिशनरी झालो. मी बोटीत इतकी ओकले की रेवसला उतरताना शेजारच्या बाईने विचारले, कितवा महिना? परदेश म्हटले तर परदेशच. इथे भाकरी तांदळाची, मीठ शेतात पिकते, आणि मला नाव विचारल्याशिवायच सगळे गाव बाय म्हणू लागले.

काम आमचे तरुणांत. मिठागरांवर राबणाऱ्या आगरी घरांतली आणि पलीकडच्या मोहल्ल्यातल्या, होड्या चालवणाऱ्या नाखव्यांची मुले एकत्र आणावीत, त्यांना खेळ शिकवावा, वाचायला शिकवावे, शिस्त लावावी. यासाठी कमिटीने आम्हाला एक चामड्याचा फुटबॉल, एक शिट्टी आणि एक वेळापत्रक दिले. वेळापत्रकात लिहिले होते, दर शनिवारी सायंकाळी पाच वाजता खेळ. यांनी पहिल्याच दिवशी गावातली सगळ्यात सपाट जागा शोधली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा केवढा तरी पट्टा, ना काटा ना खडा. हे मला म्हणाले, एस्तेर, एवढे सुंदर मैदान मोकळे पडले आहे आणि या लोकांना त्याची किंमत नाही. मीही मान डोलावली. नगरची माणसे आम्ही. आम्हाला वाटले, जमीन एकदा दिसली की ती तिथेच राहते.

पहिल्या शनिवारी पाच वाजता हे मैदानावर गेले तेव्हा मैदान नव्हते. पाणी होते. पण वेळापत्रक कमिटीचे, म्हणून हे धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि शिट्टी वाजवली. मुले आली, त्यांना वाटले नगरकडे हा खेळ असाच खेळतात. कमरेएवढ्या पाण्यात दोन ओळी केल्या. चेंडू उडवला तो सरळ खाडीत गेला आणि ओहोटी-भरतीचा काही एक विचार न करता मुंबईच्या दिशेने निघाला. तो आणायला हे धावले. (दादा, हे विहिरीतही कधी उतरलेले नाहीत.) हिरामणने, म्हणजे मिठागरावरचा अठरा वर्षांचा पोरगा, आमचा आता कप्तान, यांची मानगूट धरून बाहेर काढले, आणि मोहल्ल्यातल्या सिराजुद्दीनने होडी घालून चेंडू आणला. तो चेंडू यांच्या हातात देत म्हणाला, "मास्तरसाब, दर्याला शिट्टी समजत नाय." बांधावर हिरामणची आजी ठमीबाई बसली होती. ती तर पदर तोंडाला लावून हसत होती. "मास्तर, आज अष्टमी हाय! सांचे भरती. दर्या काय तुमचे घड्याल बगून येतंय?"

यांनी अहवालात खरे ते लिहिले, समुद्र आल्यामुळे हजेरी शून्य. कमिटीकडून उत्तर आले की समुद्राचे निमित्त सांगू नये व ठरलेली वेळ बदलू नये. (त्या पत्रावर तुमचीही सही होती, म्हणून अधिक बोलत नाही.) मग दीड वर्ष आमचे तेच चालले. एका शनिवारी मैदान, पुढच्या शनिवारी पाणी, आणि हे दोन्ही शनिवारी शिट्टी घेऊन हजर. जुलैतले माझे ते पत्र याच दिवसांतले. घर गळत होते, चूल पेटत नव्हती, अंथरुणात दोन खेकडे निघाले होते आणि नवरा रोज भिजून येत होता.

शेवटी मीच ठमीबाईकडे जाऊन बसले. ती मिठागरावरून आली होती, पाय खाऱ्या पाण्याने चिरलेले, त्यांना तेल लावत होती. मी विचारले, भरती केव्हा येते हे तुम्हाला कळते कसे? तिला प्रश्नच समजेना. सूर्य उगवतो कसे कळते, असे कुणी विचारावे तसे तिचे तोंड झाले. मग बोटांवर मोजून दाखवले. "जी तिथ आसंल तिची पाऊनपट कर. तेवढं वाजता भरती. अष्टमीला सा वाजता. चवतीला तीन वाजता. झाला!" झाला म्हणजे काय, दादा, यांच्या भिजण्याच्या चार शनिवारांच्या तिथी तिलाच विचारून मी तिथेच हिशेब केला, एकही चुकला नाही. अडचण एकच, आम्हाला तिथी ठाऊक नाही. आपल्या मिशनच्या कॅलेंडरात रविवार तांबडा असतो आणि खाली एक वचन असते. ते वचन फार सुंदर असते, पण त्याची पाऊणपट करता येत नाही.

म्हणून मी अलिबागच्या बाजारात गेले आणि पंचांग मागितले. दुकानदाराने माझ्या कपाळाकडे पाहिले, गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिले आणि विचारले, लग्न कुणाचे? मी म्हटले, लग्न नाही, फुटबॉल. त्याने पंचांग कागदात बांधून दिले, पण मी दुकानाबाहेर पडल्यापासून तासाभरात सगळ्या बाजाराला कळले की पाद्र्याची बाई परत हिंदू झाली. हीच बातमी बोटीने मुंबईला आणि आगगाडीने तुमच्या कमिटीत पोचली असावी.

पण खेळ सुरू झाला, दादा. यांनी दारावर पाटी रंगवली: "तरुण मंडळ. खेळ, द्वादशी ते द्वितीया, सायंकाळी. इतर तिथींस वाचनवर्ग. अष्टमीस खेळ बंद." सिराजुद्दीन पाटी वाचून म्हणाला, "बराबर. आमचा पन हिसाब चांदावरच हाय." त्या दिवसापासून मोहल्ल्यातली मुले एकदाही चुकली नाहीत. पाणी असेल त्या दिवशी ओसरीवर बावीस मुले पाट्या घेऊन बसतात आणि वाचन संपले की यांना खाडीवर नेऊन पाठीला दोन सुके नारळ बांधून पोहायला शिकवतात. कोण कुणाला शिस्त लावतो आहे हे आता सांगणे कठीण. खरे ते लिहायचे तर दोन वर्षांत इथे एकही माणूस ख्रिस्ती झालेला नाही, आणि हे मात्र नारळांशिवाय पाच हात पोहतात.

अशा वेळी, गेल्या महिन्याच्या सतरा तारखेस, टर्नबुल साहेब तपासणीला आले. साहेब बावीस वर्षे नगरात आहेत, माणूस देवासारखा, मराठी पुस्तकासारखे. दुपारी बारा वाजता खाडीच्या कोरड्या पात्रातून चालत आले. पाटी वाचली, आत येऊन पाणी मागितले आणि चाळणीच्या वरून ते पाहिले. काही बोलणार एवढ्यात ठमीबाईने दारातून हाक मारली, "बाय, आज कती तिथ?" आणि माझ्या आधी हे खणखणीत आवाजात म्हणाले, "शुद्ध अष्टमी!" भटजींनासुद्धा इतक्या चटकन सांगता येणार नाही. साहेबांनी पेला खाली ठेवला. मग दोन तास आम्हाला मूर्तिपूजेविषयी सौम्य शब्दांत समजावले. हे तिथीची पाऊणपट सांगू लागले तेव्हा साहेब म्हणाले, "मी पंचांगावर चालत नाही."

आणि पाच वाजता खरोखरच चालू लागले, त्याच खाडीतून. सगळ्यांनी अडवले. आज अष्टमी, भरती चढते आहे, होडीने सोडतो म्हटले. साहेब म्हणाले, "मी ह्याच मार्गाने शुष्क पादत्राणांनी आलेलो आहे." दादा, मला त्या क्षणी साहेबांची फार माया आली. दोन वर्षांपूर्वी हे अगदी असेच बोलत होते.

अर्ध्या खाडीत गाळाने साहेबांचे पाय धरले आणि पाणी मांड्यांपर्यंत आले. वाचनवर्ग सोडून सगळे मंडळ धावले. हिरामण छातीएवढ्या पाण्यातून पोचला आणि त्याने साहेबांना काखेत धरले, पण साहेब निघेनात, कारण बूट रुतले होते आणि बूट त्यांच्या बहिणीने विलायतेहून पाठवलेले होते. "साहेब, बूट सोडा, पाय आना!" असे हिरामण ओरडतो आहे, बांधावरून ठमीबाई ओरडते आहे, मी ओरडते आहे, आणि हे शिट्टी वाजवत आहेत. शेवटी उजवा बूट पायासकट आला, डावा गाळाने ठेवून घेतला. सिराजुद्दीनच्या होडीतून साहेब ओसरीवर आले. ठमीबाईची गोधडी अंगावर, हातात चहा. चहा संपवून त्यांनी हळूच यांना विचारले, "उद्या कोणती तिथी?" हे म्हणाले, नवमी, वाट पाऊण वाजता मोकळी होईल. साहेब दुसऱ्या दिवशी बरोबर पाऊण वाजता निघाले, एका पायात स्वतःचा बूट आणि दुसऱ्या पायात यांची चप्पल घालून. तुमच्या हातातल्या अहवालात यावर एकच वाक्य आहे ना, "परतताना किंचित विलंब झाला"?

तर पंचांगाची हकिकत ही अशी आहे. राहिला पहिला प्रश्न. जुलैत मी लिहिले ते लिहिले, आणि लिहिलेले फिरवायची आपल्या घरची रीत नाही. कमिटी प्रार्थनापूर्वक जे ठरवील ते आम्ही मान्य करू. वहिनींना आणि मुलांना आमचे पुष्कळ प्रेम.

तुमची धाकटी बहीण,
एस्तेर

ता. क. साहेबांचा डावा बूट परवाच्या ओहोटीला सापडला. मुलांनी धुऊन, तेल लावून चेंडूशेजारी फळीवर ठेवला आहे. बैठकीत पंचांगाचा विषय निघालाच तर तुम्ही एवढेच विचारा, की शिरखारहून बूट पाठवायचा आहे, तो कमिटीच्या पत्त्यावर पाठवावा का. साहेब समजतील.

ता. क. दुसरा. चैत्रापासून आमचे पंचांग जुने होईल. अलिबागच्या त्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तेव्हा नगरच्या बाजारातून शके १८५४ चे नवे पंचांग घेऊन, मिशनच्या मासिकात गुंडाळून पाठवावे. दोन पाठवावीत. दुसरे साहेबांसाठी आहे, त्यांचे कालच पोस्टकार्ड आले, मडमसाहेबांना घेऊन मार्चमध्ये यायचे म्हणतात. (हे कुणाला सांगू नका. तुम्हीही दुकानात जाताना डोक्यावर टोपीऐवजी रुमाल बांधून जा.)

ता. क. तिसरा. दादा, चैत्रातले पंचांग मागितले यावरून तुम्ही ओळखलेच असेल. जुलैतले पत्र चुलीत घाला. मला ही माणसे फार आवडतात हो, इथून नेऊ नका आम्हाला. सोबत एक कागद आहे. गेल्या वर्षी हिरामणला अ काढता येत नव्हता. हा त्याने स्वतः लिहिला, मी एक अक्षरही सुधारलेले नाही, आणि तो बैठकीत मोठ्याने वाचावा अशी त्याची विनंती आहे. पोहण्याविषयी त्याने लिहिले आहे ते अगदी खरे आहे, मी काल स्वतः काठावर उभी राहून पाहिले.

"कमेटीस सलाम. आमचे मास्तरला नेव नका. त्याला पोवता येतंय आसं तो सांगतंय पन येत न्हाय. पाच हात जाते मंग बुडते. आजून येक वरीस तरी लागंल. आर्धा शिकवून आमी कोनाला सोडत न्हाय. हिरामण."