पुस्तकातलं लग्न

२८ मार्च, शनिवार

पुस्तक कापलं. पाच तुकडे, पावाच्या सुरीने. सासरे स्वतः कापतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

ईस्टरला डोंगरावरच्या घरी आलं की एक खुनाची कादंबरी, एकच प्रत, वाचणारे पाच — सासरे, आम्ही नवरा-बायको, मेहुणी आणि तिची लेक. एकाचा तुकडा वाचून झाला की पुढच्याला. शुक्रवारी प्रत्येकाने खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहून कोकोच्या डब्यात टाकायचं. रविवारी सासरे शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचतात आणि डबा उघडतो. ज्याची चिठ्ठी सगळ्यात चुकीची, त्याने पुढचं वर्षभर बाहेरच्या संडासाची बादली रिकामी करायची.

मी ती एकोणीस वर्षं करतोय. या घरात जावयाचा मान तो हाच!

कारण साधं आहे. अकराव्या पानाला माझी मान पडते. बोगद्यांच्या तपासणीचे दोनदोनशे पानी अहवाल मी टक्क जागा राहून वाचतो, कादंबरी उघडली की संपलं. गेल्या ईस्टरला सासरे कमरेचं हाड मोडून इस्पितळात होते. पुस्तक मेहुणीने आणलं होतं. रविवारी मी त्यांना भेटायला खाली गेलो आणि परत येईपर्यंत निकाल लागला होता — मी! पुस्तक कोणतं होतं, आठवत नाही. त्यात पाऊस होता.

यंदा पुस्तक सासऱ्यांनीच आणलं. वाटेत पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली, काठी टेकत एकटेच आत गेले, दोन मिनिटांत बाहेर. स्वस्त पुस्तकांच्या टोपलीत हात घालून अंगठ्याने जाडी बघितली म्हणे. वय त्र्याऐंशी, पण खुशीत होते.

शेवट कळू नये म्हणून वेष्टन आणि नावाचं पान आधी चुलीत जातं. चुलीपाशी मेहुणी होती, गुनवोर. ती वेष्टनाकडे बघतच राहिली. "वाचतेस काय, जाळ!" सासरे ओरडले. तिने जाळलं. मग माझ्या बायकोला घेऊन लाकडं आणायला गेली. दोघी बऱ्याच वेळाने आल्या, लाकडांशिवाय.

गुनवोर न्यायाधीश आहे, जिल्हा न्यायालयात. तिने गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलंय — "शेजारी हे घर विकत मागतोय. बाबांना इथे जमत नसेल, तर हा शेवटचा ईस्टर. तू लक्ष ठेव, टोर्ये. तू बाहेरचा, तुला नीट दिसेल."

मी हो म्हटलं. म्हणजे हेरगिरीही माझ्याकडेच.

२९ मार्च, रविवार

यंदा मी तयारीनिशी आलोय. ऑफिसातल्या मारितने फोनमध्ये एआय घालून दिलाय. पानांचे फोटो काढायचे, तो वाचतो आणि दहा ओळींत सांगतो. ती वर्षाला पन्नास पुस्तकं संपवते. मला एक पुरे.

अडचण एवढीच की घरात नेटवर्क नाही. ते टेकडीवर मिळतं, स्कीवर वीस मिनिटं. वाचण्याचा क्रम सासरे पहिले, गेल्या वर्षी हरलेला दुसरा — म्हणजे मागच्या तिघींना त्याच्या नावाने ओरडता येतं. दुपारी सासऱ्यांनी पहिला तुकडा हातात ठेवला. "झाला. ने, जावईबापू, आणि झोपू नकोस." मी तो जाकिटात घातला आणि व्यायामाला निघालो. बायकोने, ईनग्विलने, चक्क कौतुक केलं.

दहा ओळी मिळाल्या. फेरीबोटीच्या लाइफबोटीत दंतवैद्य मेलेला सापडतो. संशय पाद्र्यावर, दंतवैद्याच्या बायकोवर, तिकीटवाल्यावर. पाऊस पडतोय. छान. आटोपशीर.

संध्याकाळी जेवताना सासरे म्हणाले, "मला विचाराल तर त्या लग्नातच काहीतरी शिजलं."

लग्न? माझ्या दहा ओळींत लग्न नव्हतं!

ईनग्विल खुर्चीत जराशी दचकली. मग गुनवोर म्हणाली, "हो बाबा, मलाही लग्नातच वाटतं." आणि ईनग्विल — "हो, लग्नातच." तुकडा अजून दोघींच्याही हातात गेला नव्हता. आज्ञाधारक मुली. मीही मान डोलावली.

३० मार्च, सोमवार

तुकडा गुनवोरकडे दिला. चाळीस मिनिटांत वाचला तिने. तिची लेक तिरिल तर त्याहून लवकर. यंदा माझ्या नावाने कोणी ओरडत नाही. चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पुन्हा टेकडीवर गेलो. एआयला विचारलं, लग्न कुठाय? त्याने माफी मागितली. लग्न सांगायचं राहून गेलं म्हणाला आणि लगेच सगळं सांगितलं — वधू, केक, भांडण. मी म्हटलं, नक्की? त्याने परत माफी मागितली. लग्न नाही म्हणाला. असल्या माणसाला मी बोगद्यात पाऊल ठेवू देणार नाही.

तेवढ्यात खडकाच्या पलीकडून बाईचा आवाज ऐकू आला. एका सुरात वाचत होती. वळसा घालून गेलो तर सासरे! रेनडिअरच्या कातड्यावर बसलेले, फोन कानाला, मांडीवर दुसरा तुकडा. मी समोर उभा, दहा पावलांवर, लाल जाकिटात. ऊन लख्ख.

"कोण आहे?" ते म्हणाले.

मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत.

"मी, बाबा. टोर्ये."

फोन खिशात गेला. "काय करतोयस इथे?"

"व्यायाम."

"आणि तो माफी मागत होता तो कोण?"

पितळ दोघांचंही उघडं पडलं. नजरेचा मधला भाग गेलाय त्यांचा, दीड वर्ष झालं. कडेकडेचं दिसतं. बर्फात रोवलेल्या खुणेच्या काठ्या धरून टेकडीवर येतात, पन्नास वर्षांची वाट आहे. पानांचे फोटो स्वतः काढतात. मी बघितले. एकात अंगठा, एकात गुडघा, एकात आकाश. एआय बिचारा जे दिसेल ते वाचतो आणि उरलेलं पदरचं घालतो. लग्न तिथलंच होतं.

"लग्न नाहीच?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चांगलं होतं रे लग्न." मग म्हणाले, "पोरींना कळलं तर हे घर गेलं. मला खाली एका खोलीत नेऊन खिडकीपाशी बसवतील. खिडकीपाशी! मला काय दिसणार आहे खिडकीतून?"

मी म्हटलं, नाही सांगणार. हे मी गुनवोरला दिलेल्या शब्दाविरुद्ध बोललो. लिहून ठेवतो.

३१ मार्च, मंगळवार

ठरलं असं — फोटो मी काढायचे, नीट. एआयने वाचायचं, दोघांनी ऐकायचं.

मी म्हटलं, दहा ओळी घेऊ या का, लवकर उरकेल. सासरे शाळेचे मुख्याध्यापक होते. तो आवाज अजून आहे. "माणूस मेलाय, टोर्ये! त्याला दहा ओळी? अख्खं वाच!"

उणे नऊ. सातव्या पानाला माझा फोन मेला, नवव्याला त्यांचा.

दोघं बसलो. संत्रं खाल्लं. चॉकलेट खाल्लं.

"डोळे आहेत ना तुला?" ते म्हणाले.

म्हणून मी वाचलं. मोठ्याने, हातमोजे काढून. पंचावन्न पानं. झोप आली नाही — उणे नऊमध्ये येत नाही.

१ एप्रिल, बुधवार

तिसरा तुकडा. वाचताना ते मध्येच थांबवतात. "पाद्री असं बोलेल? परत वाच." मी परत वाचतो. घसा बसलाय. ईनग्विल म्हणते, इतका व्यायाम बरा नाही.

२ एप्रिल, गुरुवार

गुनवोरने गाठलं. ती वॅफल करत होती. "काय, कसं वाटतंय बाबांचं?"

मी म्हटलं, "माझ्यापेक्षा चांगलं वाचतात."

खोटं नाही ते. न्यायाधीशासमोर मी उगाच खोटं बोलत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाली आणि वॅफलवर जॅम जास्तीचा घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चौथा तुकडा संपला. मला हे पुस्तक आवडतंय. दंतवैद्याच्या बायकोचं फार वाईट वाटलं. ती नवऱ्याचे बूट दारातच ठेवते, हलवत नाही — ते मी, कोणी न सांगता, परत वाचलं. सासऱ्यांनी "पुढे" म्हटलं नाही. मग हळूच म्हणाले, "तुझ्या सासूचे मी तीन वर्षं ठेवले होते."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. ते माझ्याशी असं कधीच बोलले नव्हते. मी एवढंच म्हणालो, "माहीत नव्हतं, बाबा."

३ एप्रिल, शुक्रवार

पाचवा तुकडा, शेवटचं प्रकरण सोडून. मी म्हटलं, उद्या ते तुम्हाला पाठ करायचंच आहे, आजच वाचून टाकू का? कसले भडकले! आधी चिठ्ठी, मग शेवट. आंधळा असलो तरी लबाड नाही म्हणाले. फोन खिशात घेऊन फिरणारे आम्ही दोघं!

चिठ्ठ्या पडल्या. माझी मी स्वतःच्या डोक्याने लिहिली.

४ एप्रिल, शनिवार

शेवटचं प्रकरण. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा ते माझ्या पुढे म्हणत होते, शब्दन् शब्द. कोणत्या शब्दावर पान उलटायचं, तेही ठरवलं. एका पानाचा कोपरा मी दुमडलाय, बोटाला कळावा म्हणून.

मला रात्रीचं जेवण गेलं नाही. उद्या ते चुकले तर गुनवोर समोर बसलेली असणार.

५ एप्रिल, ईस्टर रविवार

मेंढीचं मांस, बटाटे, सगळं आटपलं. सासऱ्यांनी चष्मा लावला. उगाचच! पानं हातात घेतली. घर शांत.

पहिलं पान बिनचूक. दुसरं बिनचूक, उलटायला जरा उशीर. तिघी आपापल्या ताटलीकडे बघत होत्या. तिकीटवाला पकडला जातो, कबुली देतो. माझी चिठ्ठी बरोबर होती! पण आनंद करायला फुरसत कुठे, मी पानं मोजत होतो. दुमडलेला कोपरा आला. आता फक्त चार ओळी.

आणि सासरे म्हणाले, "'हे सगळं त्या लग्नात सुरू झालं,' तिकीटवाला म्हणाला."

मी पुन्हा पानं मोजली.

त्यांनी लग्न घातलं! अख्खं. वधू, केक, भांडण, दंतवैद्याने तिकीटवाल्याचा चारचौघांत केलेला अपमान. थांबेचनात. कागदावर चार ओळी आणि हे सात मिनिटं वाचतायत. गेल्या रविवारी बोलून गेलेला शब्द खरा करायचा होता त्यांना. मी गुनवोरकडे बघायचं धाडस केलं. ती हाताची घडी घालून ऐकत होती.

"बघा," ती शेवटी म्हणाली, "मी म्हटलंच होतं, लग्नातच."

डबा उघडला. सासरे: तिकीटवाला. मी: तिकीटवाला. ईनग्विल: पाद्री. तिरिल: दंतवैद्याची बायको. गुनवोर: कुत्रा.

कुत्रा! गुन्ह्यांचे निवाडे करणारी बाई! सासऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बादली गुनवोरकडे. कायदा म्हणजे कायदा, म्हणाली, आणि लगेच उठून बूट घातले. दारातून वळून म्हणाली, "बाबा, पुढच्या ईस्टरसाठी लाकडं आत्ताच सांगून ठेवू या. मागच्या वेळी ओली मिळाली."

सासऱ्यांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला. दोनदा.

६ एप्रिल, सोमवार

निघायची आवराआवर. कोकोचा डबा घासायला घेतला. तळाला एक गोल पुठ्ठा असतो, तो उचकटला. खाली गेल्या ईस्टरच्या चिठ्ठ्या, चार. तिघींच्या अक्षरात तिकीटवाला, तिकीटवाला, तिकीटवाला. माझ्या चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह.

ईनग्विल भांडी पुसत होती. तिच्यासमोर धरल्या.

"म्हणजे हेच पुस्तक?"

"हेच. ताईने वेष्टन बघितलं ना शनिवारी. बाबा इतके खुशीत होते, म्हटलं जाऊ दे, आपण पुन्हा वाचू."

"आणि लग्न?"

"लग्न कुठंय त्यात, टोर्ये? ते लग्न म्हणाले आणि आम्हाला कळलं. ताईने टेबलाखालून माझा पाय दाबला. मग मला लाकडांच्या खोलीत नेऊन रडली."

"मग मला तरी सांगायचं!"

तिने फडकं झटकून वाळत घातलं.

"तुला कशाला? तुझ्यासाठी नवीनच होतं."