मावशी घरातली नाही

मिनेसोटा,
रविवार, ११ जानेवारी १९९८

प्रिय आर्लीन,

कशी आहेस? आम्ही बरे. गोठलेले नळ काल सुटले. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

शुक्रवारी वकिलांकडे गेले होते. अल्पवयीन मुलाने आईला विश्वासाने सांगितलेलं कोर्ट तिच्याकडून वदवून घेऊ शकत नाही, म्हणाले. हुश्श केलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तेव्हा तिथे आणखी कोणी होतं?"

"माझी सख्खी बहीण."

"तुमच्याच घरात राहते?"

"छे, चार मैलांवर."

"मग बाई, ते गुपित उरलंच नाही."

माय मरो पण मावशी जगो म्हणतात, आणि यांच्या कायद्यात मावशी शेजारणीच्या बरोबरीची! एका छपराखाली राहतील तेवढेच घरातले. असा संताप आला म्हणून सांगू!

आता वीस तारखेला दोघींनाही साक्षीला बोलावलंय. गोठलेल्या तळ्यावर गाडी त्याचा मित्र ब्रेंट चालवत होता, असं माझ्या कार्स्टनने शेरिफला सांगितलं. बर्फ फुटला आणि ब्रेंट बिचारा गाडीसकट खाली गेला, तो काय बोलणार? स्टिअरिंगवर आपला कार्स्टन होता, हे फक्त आपल्याला ठाऊक.

'तू तिथे नव्हतीसच, असं सांग,' म्हणून मी फोनवर तुझ्या मागे लागले, तू फोन आपटलास. बरं केलंस. नंतर तुझ्या नावाने खडे फोडले, ते मात्र माझं चुकलं.

तो दिवस आठव. ब्रेंटच्या दफनानंतरच्या जेवणासाठी आपण लेफ्से, बटाट्याच्या पोळ्या, करत होतो. मी लाटत होते, तू तव्यावर उलटत होतीस. कार्स्टन दारात येऊन म्हणाला, "आई, जरा बाहेर ये ना. एकटीच." तू लगेच माझ्या कानाशी म्हणालीस, "मी जाते गं बाहेर." आणि मी? "बस तू, पोळ्या जळतील," तुला हळूच; आणि त्याला मोठ्याने, "मावशी काय परकी आहे का? बोल रे इथेच."

तो बोलला. माझे हात पिठात होते, आर्लीन. त्याला जवळसुद्धा घेतलं नाही.

काल त्याने विचारलं, "मावशी उठून का गेली नाही?" मी म्हटलं, "तिला सांगून कळतंय थोडंच." तेव्हापासून तो तुझं नाव काढू देत नाही.

हे पत्र टपालात टाकण्याआधी त्याला वाचायला देणार आहे. वीस तारखेला तू खरं ते सांग, मीही सांगेन. त्यानंतर तो मला कधी काही सांगेल का, ठाऊक नाही.

तुझीच थोरली,
मार्लिस