खुर्च्यांच्या कारखान्याच्या कर्जास एक जादा अट घालणेबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी,
कर्ज विभाग, बाजारपेठ शाखा.

विषय : धाकट्या भावाचे कर्ज नामंजूर न करता, जादा अट घालून मंजूर करणेबाबत.
संदर्भ : खुर्च्यांच्या कारखान्याच्या मालकाने सोमवारी आपणांस दिलेला कर्जाचा अर्ज.

महोदय,

१. अर्जदार ही सदर मालकाची थोरली बहीण असून तिने कारखान्याचे हिशेब अकरा वर्षे पाहिले. दर महिन्याला ती पुढील बारा आठवड्यांचे रोखीचे अंदाजपत्रक करीत असे. कोणत्या आठवड्यात रोकड खरोखर हातात येईल आणि कोणत्या आठवड्यात लाकूडवाला, वीजबिल व पगार दारात उभे राहतील, हे त्यात असे. मालक मात्र ऑर्डर आली की पैसा आला, असे धरून चालतो. सदर अंदाजपत्रके तो पॉलिश ओले असलेल्या खुर्च्यांखाली अंथरीत असे.

२. अडीच महिन्यांपूर्वी एका सभागृहाची चारशे खुर्च्यांची ऑर्डर आली. पैसे सहा महिन्यांनी मिळणार होते, लाकूड रोखीने घ्यायचे होते. नवव्या आठवड्यात पगाराला दमडी उरणार नाही, असे अर्जदाराने लाल शाईने लिहून दिले. त्यावर मालक सर्वांदेखत म्हणाला, "ताई, लोक खुर्चीवर बसतात, तुझ्या कागदावर नाही." कारागीर हसले. दुसऱ्या दिवशी अर्जदाराच्या टेबलाशी मालकाचा मेहुणा बसलेला होता.

३. गेला आठवडा नववा होता. पगार झाले नाहीत. हे कळल्यावर अर्जदारास अतिशय आनंद झाला व ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली, हे ती आपणांपासून लपवू इच्छित नाही. परंतु संध्याकाळी सर्वांत जुना सुतार दारात येऊन म्हणाला, "बाई, आम्ही हसलो त्याचा राग धरू नका. घरभाडं थकलंय." अर्जदाराने राग धरलेला आहे. तथापि तो चौदा घरांच्या चुलींवर काढणे तिला जमत नाही.

४. सबब कर्ज द्यावे व थकलेले पगार त्यातून थेट कारागिरांच्या खात्यांत भरावेत. उर्वरित रक्कम आठवड्याच्या हप्त्यांनी द्यावी. प्रत्येक हप्त्यापूर्वी मालकाने बारा आठवड्यांचे अंदाजपत्रक स्वहस्ते करून त्यावर अर्जदाराची सही आणावी. मेहुण्याचे अक्षर अर्जदार ओळखते. अट मान्य झाल्यास ती कर्जास जामीन राहील.

५. सहीसाठी अर्जदार दिवसभर घरीच असते. घर चौथ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. मालकाचे गुडघे दुखतात, याची तिला पूर्ण कल्पना आहे. अंदाजपत्रकात चुका आढळल्यास ते दुरुस्तीसाठी परत दिले जाईल. एका खेपेस एकच चूक दाखवली जाईल.

आपल्या मंजुरीकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
मालकाची थोरली बहीण, माजी हिशेबनीस
दिनांक : १४ मार्च

सोबत : कोऱ्या अंदाजपत्रकाच्या बावन्न प्रती.