मी थापलेली भाकर

खामगाव, पौष महिना, गुरुवार संध्याकाळ

अजून राग जात नाही. आई गेली आणि माझ्या धाकट्या बहिणीची, काशीची शाळा सुटली, कारण घरात रांधायला कोणी नाही. म्हणून मीच, पोरगा असून, भाकर शिकायची ठरवली आणि तिला परत शाळेत धाडलं. बोटं भाजली, भाकरी परातीतच फाटल्या. आज पहिल्यांदा एक टम्म फुगली!

तेवढ्यात बाबा कापसाच्या जिनिंगवरून, कामावरून आले, सोबत काका. काका हसले, "काऊन बे, लुगडं कवा नेसतं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फुगलेली भाकर उचलून अंगणात भिरकावली. "लोक हासून राह्यले. उद्यापासून पोरीची शाळा बंद."

लाज कशाची, भाकरीची की माझी? भाजलेली बोटं ठणकत होती, तरी मी बोललो. "बाबा, काशी शाळेत जाईनच. माह्या हातची चालत नसन, तर तुमी थापा."

 बाबा उपाशीच बाहेर जाऊन बसले. मी पुन्हा पीठ मळलं. काशी शाळेतून आली, जेवली, म्हणाली, "दादा, कडा कच्च्या राह्यल्या." तिला काहीच सांगितलं नाही. उद्या मी स्वतः तिला शाळेच्या दारापर्यंत सोडणार. बघू कोण अडवतं.