गाव दोन्ही यादीत नव्हतं

सर, पुढच्या महिन्यात मी निवृत्त होते आहे. काल कॉलेजातलं माझं शेवटचं शिबिर संपवून नांदेडला परतले आणि वाटभर तुमच्याशीच बोलत राहिले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सांगायचं राहिलंच आहे, म्हणून लिहायला बसले.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता आणि पाऊस दोन वर्षं रुसलेला. जळकोटकडच्या त्या गावात आपल्या कॉलेजचं दहा दिवसांचं शिबिर, मी तुमची विद्यार्थिनी. मुलांनी बांध घालायचा, मुलींनी स्वयंपाक करायचा, हे कुणी न सांगताच ठरलेलं. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी ते मोडलंत. चूल, खोरं आणि घरोघरची पाहणी, सगळ्यांना सारख्या पाळ्या. माझी पाळी पाहणीची, तरी सवयीनं मी परातीपुढं जाऊन बसले. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "भाकरी तुला येतात. येत न्हाई ते शिकायला आलीस ना? ऊठ." लई राग आला होता तुमचा.

त्या रागातच मी गावात शिरते. आदल्या दिवशी मुलांनी भरलेल्या कागदांवर पारावरच्या गड्यांनी सांगितलेलं होतं, विहिरीला पाणी आहे म्हणून. मला बायका घरात बोलावतात. एक म्हातारी हात धरून त्या विहिरीवर नेते. तळाशी नुसता चिखल. "पलीकडल्या शिवारातून आणताव आमी, दिवसाला चार खेपा. गड्यांला काय ठावं?" मी तिच्याबरोबर ती वाट चालले, पावलं मोजत. मग घरं मोजली, माणसं मोजली, जनावरं मोजली.

टँकर मागायला आपण तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकून तुमच्याकडेच बघून म्हणाला, "गाव आमच्या यादीत न्हाई सर. जुन्या जिल्ह्याला विचारा." जुन्या जिल्ह्यानं तर आपल्याला इकडं धाडलं होतं. तुम्ही म्हणालात, "मोजलंय हिनं. हिलाच विचारा," आणि खुशाल बाकावर जाऊन बसलात. मी कागद उघडला. सगळं वाचून दाखवलं. तो "बघू" म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "गाव दोन्ही यादीत न्हाई, मग ते गेलं कुठं? साहेबांना भेटल्याबिगर मी हलणार न्हाई." आवाज ऐकून तहसीलदार बाहेर आले, उभ्यानंच कागद वाचला आणि गावाचं नाव स्वतःच्या हातानं यादीत घातलं.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. म्हातारीनं घागर भरली आणि ओल्या हातानंच माझं तोंड कुरवाळलं. "पोरी, आमचं गाव सायबाला दाखिवलंस तू." चुलीवर त्या दिवशी मुलं होती. त्यांच्या नकाशासारख्या भाकऱ्या तुम्ही मिटक्या मारत खाल्ल्यात. मी दोन खाल्ल्या. आयुष्यात एवढी भूक मला कधी लागली नव्हती.

पुढं मीही कॉलेजात शिकवायला लागले आणि कंधार, अर्धापूरकडं कितीतरी शिबिरं घेतली. काल एका मुलीनं भर ग्रामसभेत सरपंचांना तीनदा तोच प्रश्न विचारला आणि उत्तर घेऊनच खाली बसली.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मी घेतलेल्या पहिल्या शिबिरात, पालक काय म्हणतील या धाकानं, मी मुलींना स्वयंपाकच दिला होता. तुम्ही अचानक बघायला आलात आणि पाळ्यांचं विचारलंत. मी म्हटलं, "पाळ्या लावल्यात सर." तुमची पाठ वळल्यावर लावल्या.